लाभांशाच्या वहीतला शेवटचा रकाना

पासबुक छापून घेतलं की जून-जुलैच्या पानावर ‘एसीएच’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी एकाखाली एक दिसायला लागतात. पुढे कंपनीचं मध्येच तुटलेलं नाव, एक लांबलचक क्रमांक आणि जमेच्या बाजूला 2,200.00, 412.50, 96.00 अशा रकमा. मार्चअखेर हिशेब मिटलेले असतात, एप्रिल-मेमध्ये संचालक मंडळाने अंतिम लाभांशाची शिफारस केलेली असते, वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारकांनी ती मंजूर केलेली असते आणि मग पैसे खात्यावर उतरतात. पासबुक फक्त पैसे आले एवढंच सांगतं. किती शेअरवर आले, कुठल्या वर्षाचे, त्यात नेहमीचे किती आणि एकदाच मिळालेले किती, कर कापून आले की पूर्ण आले, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. वाढत्या लाभांशाच्या भरवशावर गुंतवणूक करणाऱ्याला मात्र नेमकं हेच माहीत असावं लागतं. त्यासाठी वही लागते. दोनशे पानी फुलस्केप असो की एक्सेलची शीट, रकाने बरोबर हवेत.

पद्धत मुळात साधी आहे. आज सगळ्यांत जास्त लाभांश कोण देतं यापेक्षा दरवर्षी तो वाढवत कोण नेतं, हे बघायचं. ठेवीवरचं व्याज ठरलेलं असतं, मुदत संपेपर्यंत हलत नाही. लाभांश वाढू शकतो, निम्मा होऊ शकतो, एखाद्या वर्षी येतही नाही, आणि तो जाहीर करण्याची कंपनीवर सक्ती नसते. एकदा जाहीर झाला की मात्र 30 दिवसांत द्यावाच लागतो, तिथे कायदा आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन लिंटनर यांनी 1956 साली 28 कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून एक गोष्ट मांडली होती: ही मंडळी लाभांश ठरवताना आधी गेल्या वर्षीचा आकडा समोर ठेवतात, आणि पुढे कमी करावा लागणार नाही अशी खात्री वाटली तरच वाढवतात. म्हणूनच वाढवलेल्या लाभांशातून आतल्या माणसांचा अंदाज बाहेर कळतो. पण ती कंपनीची सवय आहे की एका वर्षाची चंगळ, हे समजायला पाच-सात वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी लागतात.

दर कंपनीला एक पान द्यावं. रकाने असे: कुठल्या आर्थिक वर्षाचा लाभांश, अंतरिम (वर्ष चालू असतानाच दिलेला) की अंतिम की विशेष (एकदाच दिलेला), रेकॉर्ड डेट (त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर असतील त्यांनाच लाभांश), पैसे जमा झाल्याची तारीख, शेअरमागे रुपये, त्या दिवशी हातात असलेले शेअर, एकूण रक्कम, कापलेला कर, त्या वर्षीची शेअरमागची कमाई म्हणजे ईपीएस, आणि सगळ्यांत उजवीकडे ‘वाढ कुठून आली’. हा शेवटचा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो. बाकीचे सगळे रकाने त्याच्यासाठीच भरायचे असतात, असं माझं ठाम मत आहे.

‘शेअरमागे रुपये’ लिहिताना पहिली चूक टक्क्यांची होते. ‘860 टक्के लाभांश’ अशी बातमी वाचली की डोळे विस्फारतात. लाभांशाचे टक्के दर्शनी मूल्यावर, म्हणजे शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवर मोजतात, बाजारभावावर मोजत नाहीत. दर्शनी मूल्य 5 रुपये असेल तर 860 टक्के म्हणजे 43 रुपये. तेच दर्शनी मूल्य 1 रुपया असतं तर 8 रुपये 60 पैसे. वहीत टक्के लिहूच नयेत, रुपये लिहावेत.

हे 43 रुपये इन्फोसिसचे, 2024-25चे. पुण्यात 1981 साली सुरू झालेल्या या कंपनीचे आकडे सार्वजनिक आणि सहज तपासता येण्याजोगे आहेत, म्हणून तिचंच पान उघडू. खरेदीचा सल्ला म्हणून हे कुणी वाचू नये. 2020-21ला अंतरिम 12 आणि अंतिम 15, मिळून 27 रुपये. 2021-22ला 15 आणि 16, म्हणजे 31. पुढच्या वर्षी 16.50 आणि 17.50, म्हणजे 34. 2023-24ला 18, 20 आणि आणखी 8, म्हणजे 46. आणि 2024-25ला 21 आणि 22, म्हणजे 43.

बेरजाच वाचल्या तर शेवटच्या वर्षी लाभांश घटला असं दिसतं. सहा टक्क्यांहून जास्त घट. वाढत्या लाभांशाचा नियम काटेकोर पाळणारा माणूस इथे शेअर विकून मोकळा होईल. पण 46 मधले 8 रुपये विशेष लाभांशाचे होते. ते वेगळ्या ओळीत लिहिले की नेहमीचा लाभांश 38 वरून 43 वर गेलेला दिसतो, म्हणजे 13 टक्के वाढ. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. विशेष लाभांश हा पाहुणा असतो. आला तर आनंदाने घ्यावा, पण घरखर्चाच्या अंदाजपत्रकात त्याला धरू नये. या कंपनीच्या भांडवल-वाटपाच्या धोरणातही वार्षिक लाभांश हळूहळू वाढवत नेण्याचा मानस सांगताना विशेष लाभांश बाजूला ठेवलेला आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना असं लाभांश धोरण जाहीर करणं सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, बंधनकारक केलं आहे. आधी ही मर्यादा 500 कंपन्यांची होती, 2021 मध्ये वाढवली. हे कागद कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानावर मिळतात. बरेचसे मोघम असतात, पण ज्यात आकडा दिलाय तो वहीच्या पानावर वरच्या बाजूला लिहून ठेवावा. इन्फोसिसच्या बाबतीत तो आकडा आहे पाच वर्षांच्या मुक्त रोख प्रवाहाच्या (धंद्यातून आलेल्या रोकडीतून यंत्रसामग्री-इमारतींचा खर्च जाऊन जे उरतं त्याच्या) सुमारे 85 टक्के, लाभांश आणि बायबॅक (कंपनीने आपलेच शेअर परत विकत घेणं) वगैरे सगळं मिळून.

आता त्याच पानावरचा ईपीएसचा रकाना बघा. 2020-21ला शेअरमागे कमाई 45.61 रुपये होती, 2024-25ला 64.50. चार वर्षांत कमाई वाढली दरवर्षी साधारण 9 टक्क्यांनी. लाभांश 27 वरून 43 झाला, म्हणजे दरवर्षी सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास. मधला फरक कुठून आला? कमाईतला जास्त हिस्सा वाटून. पहिल्या वर्षी कमाईच्या 59 टक्के वाटले होते, शेवटच्या वर्षी जवळपास 67 टक्के. शेवटची उडी एकटी काढून बघितली तर हे आणखी ठळक होतं: 2023-24ची कमाई 63.39, पुढच्या वर्षी 64.50, म्हणजे दोन टक्केही वाढ नाही, आणि लाभांश मात्र 13 टक्क्यांनी वर.

त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात ‘मुख्यतः वाटपाचा हिस्सा वाढल्यामुळे’ असं लिहायचं. यात दोष काही नाही. रोकड भरपूर आणि कारखाने उभारायचे नाहीत अशा कंपनीने ती मालकांना परत द्यावी हेच बरं. पण हिस्सा वाढवून आलेल्या वाढीला छत असतं. 59 चे 67 झाले, 67 चे 80 होतील, शंभराच्या पुढे कुठे जाणार? कमाईतून आलेल्या वाढीला असं छत नसतं. लाभांश 13 टक्क्यांनी वाढला म्हणून पुढची दहा वर्षं 13 टक्के गुणत बसणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. पाच वर्षांची सरासरी काढतानाही पहिलं वर्ष कुठलं धरलं ते लिहावं. याच पानावर 2019-20चे 17.50 रुपये आधार धरले तर वार्षिक वाढ 19 टक्क्यांच्या वर निघते, 2021-22 धरलं तर साडेअकरा. तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. मी अशा वेळी सगळ्यांत लहान आकडा धरावा असं म्हणेन.

2019-20 आणि 2020-21 या दोन ओळींच्या मध्ये लाल रेघ मारावी, कुठल्याही कंपनीचं पान असो. 31 मार्च 2020 पर्यंत लाभांशावरचा वितरण कर कंपनी भरत असे, अधिभार-उपकर धरून तो 20.56 टक्क्यांवर जाई. 1 एप्रिल 2020 पासून तो गेला आणि लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरून त्याच्या स्लॅबप्रमाणे करपात्र झाला. रेघेच्या वरचे रुपये आणि खालचे रुपये एकाच मापाचे नाहीत. 30 टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाच्या हातात कर आणि उपकर वजा जाता शंभरातले 68.80 उरतात, करपात्र उत्पन्नच नसलेल्या निवृत्त माणसाच्या हातात पूर्ण शंभर. त्या सुमारास लाभांश एकदम वाढलेला दिसला तर कंपनीचा वाचलेला करही त्यात मिसळलेला असू शकतो, हे रकान्यात लिहून ठेवावं.

दुसरा गोंधळ वर्षांचा. इन्फोसिसने 2024-25 साठी 43 रुपये दिले. पण त्या आर्थिक वर्षात शेअरमागे खात्यात आले 49 रुपये: आदल्या वर्षाचा अंतिम 20 आणि विशेष 8 जुलै 2024 मध्ये, आणि नव्या वर्षाचा अंतरिम 21 नोव्हेंबरमध्ये. अंतिम 22 रुपये आले ते 30 जून 2025ला, म्हणजे पुढच्या वर्षात. कंपनीची वाढ मोजायला 43 हवेत, आयकर विवरणपत्राला 49. म्हणून ‘कुठल्या वर्षाचा’ आणि ‘कधी जमा’ हे दोन रकाने वेगळे. एकच रकाना ठेवणाऱ्याची जुलैमध्ये विवरणपत्र भरताना एआयएसमधल्या, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकातल्या आकड्यांशी गाठ पडते आणि मग दिवसभर बेरजा चालतात. विवरणपत्रात लाभांश कुठल्या कालावधीत मिळाला हेही विचारतात: 15 जूनपर्यंत, 15 सप्टेंबरपर्यंत, 15 डिसेंबरपर्यंत, 15 मार्चपर्यंत आणि उरलेला 31 मार्चपर्यंत. आगाऊ कराच्या हप्त्यांवर उगाच व्याज लागू नये म्हणून ही विभागणी असते. जमा तारखेचा रकाना भरलेला असला की हे काम दहा मिनिटांचं.

मुळातून कपात म्हणजे टीडीएस 10 टक्के, पॅन जोडलेला नसेल तर 20. एका कंपनीकडून वर्षभरात मिळणाऱ्या लाभांशाची मर्यादा 5,000 रुपये होती, ती 1 एप्रिल 2025 पासून 10,000 झाली. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मर्यादा ओलांडली की कर फक्त वरच्या रकमेवर कापतात असं लोक धरून चालतात. तो पूर्ण रकमेवर कापतात. 250 शेअर असतील तर जून 2025 चे 22 रुपये म्हणजे 5,500 आणि नोव्हेंबरमधल्या अंतरिमचे 23 रुपये म्हणजे 5,750, मिळून 11,250. कपात 1,125, वरच्या 1,250 वर 125 नव्हे. जूनमध्ये काहीच कापलं नसेल तर नोव्हेंबरच्या रकमेतून दोन्हीचा कर एकदम जातो आणि आकडा बघून माणूस घाबरतो. वहीत जमा झालेली रक्कम लिहून थांबू नये. आधी पूर्ण रक्कम, मग कपात, मग निव्वळ. करपात्र उत्पन्न नसलेल्यांनी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे), केफिन असो की एमयूएफजी इनटाइम, स्वयंघोषणापत्र वेळेत भरलं तर कपातच होत नाही. त्याची शेवटची तारीख बहुधा रेकॉर्ड डेटच्या आसपास असते आणि कंपनीच्या ई-मेलमध्ये लिहिलेली असते. तोच ई-मेल लोक न वाचता पुसून टाकतात.

रेकॉर्ड डेटचं सांगायचं तर, जानेवारी 2023 पासून आपल्याकडे सगळ्या शेअरचे व्यवहार सौद्यानंतर पुढच्याच कामाच्या दिवशी पुरे होतात. त्यामुळे एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर तो लाभांश मिळत नाही तो दिवस, आणि रेकॉर्ड डेट सहसा एकच दिवस असतो. 30 मे 2025, शुक्रवार ही रेकॉर्ड डेट असेल तर गुरुवारी 29 तारखेपर्यंत घेतलेल्या शेअरवरच लाभांश. शुक्रवारी घेतला तर नाही. पण तेवढ्यासाठी गुरुवारी धावत जाण्यात अर्थ नसतो, कारण एक्स-डेटला भाव साधारण लाभांशाइतका खाली येतो आणि मिळालेल्या रकमेवर कर वर द्यावा लागतो.

बोनस आणि विभाजन झालं की मागच्या सगळ्या ओळी दुरुस्त कराव्या लागतात. एचडीएफसी बँकेने 2024-25चा लाभांश शेअरमागे 22 रुपये दिला. ऑगस्ट 2025 मध्ये एकास एक बोनस, म्हणजे दर शेअरमागे एक फुकट शेअर, आला. त्या दिवसापासून आधीच्या 22 च्या शेजारी कंसात 11 लिहायचे, नाहीतर पुढच्या वर्षी लाभांश निम्मा झाल्याचा भास होणार. जुना आकडा खोडू नये, पासबुकाशी ताळा त्याच्यावरच बसतो.

‘वाढ कुठून आली’ या रकान्यात काही वेळा ‘थांबला का’ हेही लिहावं लागतं. 17 एप्रिल 2020ला रिझर्व्ह बँकेने कोविडच्या संकटात बँकांना 2019-20च्या नफ्यातून आणखी लाभांश द्यायला मनाई केली. धडधाकट बँकांच्या पानांवरही तिथे शून्य आलं. 1974 साली तर केंद्र सरकारने वटहुकूम काढून सगळ्याच कंपन्यांच्या लाभांशाला मर्यादा घातली होती: करोत्तर नफ्याचा तिसरा हिस्सा किंवा दर्शनी मूल्याच्या 12 टक्के, यातलं जे कमी असेल ते. अशा शून्याला आणि धंदा बसल्यामुळे आलेल्या शून्याला एकाच तराजूत घालायचं नाही. ‘सलग 25 वर्षं वाढ’ ही अमेरिकेतल्या एस अँड पी 500 डिव्हिडंड ॲरिस्टोक्रॅट्स निर्देशांकाची अट. आपल्या बँकांच्या पानांना ती जशीच्या तशी लावली तर 2020च्या एका परिपत्रकापायी चांगल्या बँका गळतील.

सरकारी कंपन्यांचं गणित आणखी वेगळं. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्यांनी किमान लाभांश नफ्याच्या 30 टक्के किंवा निव्वळ मत्तेच्या 4 टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा द्यायचा असतो. तिथे आकडा ठरवण्यात मोठ्या भागधारकाच्या, म्हणजे सरकारच्या, तिजोरीचाही वाटा असतो. त्यामुळे चांगला परतावा मिळतो, पण आकडा वरखाली होतो. वाढीच्या आशेने नाही, रोख उत्पन्नासाठी ज्यांना घ्यायचे त्यांनी घ्यावेत.

आणि सापळा. वेदांताने 2022-23 या वर्षात पाच अंतरिम लाभांश दिले: 31.50, 19.50, 17.50, 12.50 आणि 20.50. बेरीज 101.50 रुपये. त्या वर्षी शेअरमागे कमाई होती साडेअठ्ठावीस रुपयांच्या आसपास. कमाईच्या साडेतीनपट वाटप. भावाच्या मानाने लाभांशाचा दर तीस टक्क्यांच्या वर दिसत होता आणि ‘सर्वाधिक लाभांश देणारे शेअर’ अशा याद्यांत तो अर्थातच वर होता. पुढच्या वर्षी लाभांश झाला 29.50. ज्याने शेवटच्या रकान्यात ‘कमाईपेक्षा जास्त, साठ्यातून’ असं लिहिलं होतं त्याला पुढचा आकडा बघून धक्का बसला नसेल. यादीच्या भरवशावर घेणाऱ्याला बसला असेल. म्हणून ईपीएस आणि लाभांश शेजारी शेजारी हवेत. आणखी खोल जायचं तर वार्षिक अहवालातलं रोख प्रवाहाचं पत्रक उघडावं: कामकाजातून आलेली रोकड, त्यातून वजा यंत्रसामग्री-इमारतींवरचा खर्च, उरलेली रोकड, आणि खाली वित्तीय व्यवहारांमध्ये ‘दिलेला लाभांश’. दिलेला लाभांश उरलेल्या रोकडीपेक्षा दोन-तीन वर्षं सलग मोठा असेल आणि त्याच पत्रकात कर्जाची उचल वाढत असेल, तर लाभांश उसनवारीवर चाललाय.

म्युच्युअल फंडाचा ‘डिव्हिडंड’ या वहीत लिहूच नये. सेबीने एप्रिल 2021 पासून त्या पर्यायाचं नावच बदलून आयडीसीडब्ल्यू केलं, उत्पन्नाचं वाटप आणि भांडवलाची उचल अशा अर्थाचं, कारण त्यात आपलंच मुद्दल परत येत असू शकतं.

खरेदीच्या भावावर लाभांशाचा दर काढायची सवय सगळ्यांना असते. हजार रुपयांना घेतलेल्या शेअरवर 27 चे 43 झाले, म्हणजे 2.7 टक्क्यांचे 4.3. हे बघून बरं वाटतं आणि वाटावंच, थांबल्याचं ते फळ आहे. निर्णय मात्र आजच्या भावावर घ्यायचा. भाव दीड हजार झाला असेल तर आज तिथे गुंतलेल्या पैशावर 2.9 टक्केच मिळताहेत.

जे पैसे आले नाहीत त्यांची नोंद पासबुक ठेवत नाही, ती वहीच ठेवते. जाहीर झाला, रेकॉर्ड डेट गेली, 30 दिवस उलटले आणि जमा तारखेचा रकाना कोराच आहे, म्हणजे कुठेतरी अडलंय. बहुतेक वेळा कारण बँक खात्यात असतं. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, 2020 मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. आयएफएससी बदलले, डीमॅटमध्ये जुनेच राहिले. कंपनी पैसे पाठवते ते डीमॅटला जोडलेल्या खात्यावर, म्हणून बदल डीपीकडे, म्हणजे जिथे डीमॅट खातं आहे त्या ब्रोकर किंवा बँकेकडे, करायचा. अडकलेल्या रकमेसाठी रजिस्ट्रारला रद्द केलेल्या चेकसह पत्र लिहायचं. कागदी शेअर अजून ट्रंकेत असतील तर केवायसी पूर्ण होईपर्यंत त्यांचा लाभांश कंपनीकडेच अडून राहतो. तीस दिवसांनंतर न दिलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाते आणि सात वर्षं तिथे पडून राहिली की गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअरही तिकडे जातात. परत मिळतात, पण आयईपीएफ-5 अर्ज, कंपनीची पडताळणी आणि कागदपत्रांची मोठी वारी करून. कोऱ्या रकान्याकडे पहिल्याच वर्षी लक्ष गेलं तर काम एका ई-मेलवर भागतं.

आलेले पैसे पुन्हा गुंतवायचे असतील तर ते हातानेच करावं लागतं. लाभांशाचे आपोआप शेअर व्हावेत अशी कंपन्यांची सोय आपल्याकडे रूढ नाही. 412 रुपयांत बहुतेक चांगल्या कंपन्यांचा एक शेअरही येत नाही. लाभांशासाठी वेगळं बचत खातं ठेवून तिमाहीला एकदा, जमलेल्या रकमेतून एकाच कंपनीचे शेअर घ्यावेत. कुठल्या पानातून आले ते बघून त्याच पानात परत घालायचे असं नाही, त्या दिवशी ज्या पानाचा शेवटचा रकाना सगळ्यांत स्वच्छ आहे तिथे घालावेत.

नोव्हेंबर 2025 मध्ये इन्फोसिसच्या पानावर 2025-26च्या अंतरिमची ओळ चढते: 23 रुपये, आदल्या वर्षी 21. वाढ साडेनऊ टक्के. तारीख, शेअर, पूर्ण रक्कम, कपात, निव्वळ, सगळं लिहून होतं. ईपीएसचा आणि त्याच्या उजवीकडचा, असे दोन रकाने तेव्हा कोरे ठेवायचे आणि एप्रिलमध्ये वर्षाचे निकाल आल्यावर भरायचे. तोपर्यंत तिथे पेन्सिलने एक बारीक प्रश्नचिन्ह पुरतं.